संपतची गिनती

आमच्या चौकीची उंची पंधरा हजार फूट. माणसं आठ. बंकर बारा फूट लांब, नऊ फूट रुंद. मी तिथं हवालदार होतो आणि कंपनीचा पीटी उस्तादही. घरच्यांनी माझं नाव बबन ठेवलं होतं, पण फौजेत एकदा उस्ताद हे नाव चिकटलं की पाळण्यातलं नाव फक्त कागदांपुरतं उरतं.

बाहेर पळायला जागा नव्हती आणि त्या हवेत पळण्याएवढा दमही नव्हता. पण हातपाय हलवले नाहीत तर माणूस आठवड्यात स्लीपिंग बॅगचाच होऊन बसतो. म्हणून रोज सकाळी सात वाजता बंकरमध्येच फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. आधी गिनती. रांगेतल्या प्रत्येकाने आपापला नंबर मोठ्याने सांगायचा, एक ते आठ. एक नंबर माझा. मग उठबशा, भिंतीला हात टेकून डिप्स, जागच्या जागी पळणं. सगळं वीस-वीस. आकडे मोजायची पाळी रोज एकाची.

सात नंबरला नाईक संपत उभा राहायचा. तो राहूचा, मी वरवंडचा. दोघंही दौंड तालुक्यातले, म्हणजे घरचेच. संपत कामाला वाघ होता, पण मोजणीची पाळी त्याच्यावर आली की घोळ.

"दस, ग्यारह, बारह, पंद्रह, सोलह, बीस. बस."

"संपत, तेरा कुठं गेला?"

"रजेवर गेलाय, उस्ताद."

"आणि सतरा?"

"त्याला स्टेशनावर सोडाय गेलाय."

सगळा बंकर हसायचा. मी चिडायचो. शिक्षा म्हणून त्याला वीस उठबशा वेगळ्या. त्या मात्र तो एकही आकडा न गाळता काढायचा, बरोबर वीस. मला वाटायचं, गडी मला खिजवतोय. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

ऐन थंडीतला दिवस. सकाळी नऊ वाजता आमची चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. मी, संपत, एक जवान आणि रेडिओ ऑपरेटर मारुती. मारुतीचं डोकं दोन दिवस दुखत होतं, हे आम्हाला वाटेत कळलं. संपतने त्याचा पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी, काढून स्वतःच्या पाठीवर टाकला आणि पुढे झाला. "शंभर पावलं, मारुती. मी मोजतो, मग थांबू." दोर धरून तो पुढे, मागे मारुती, मग आम्ही दोघं. मी मागून ऐकत होतो. "पन्नास, एक्कावन्न, साठ, एकसष्ट, सत्तर."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या उताराचा बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. आम्ही तिघं कमरेपर्यंत गाडलो गेलो. पुढचा दोर बर्फात गेला होता.

मारुतीने गळ्यातला वायरलेस सेट उघडला.

"चौकी, पेट्रोल बोल रहा हूँ. बर्फ आया है. एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"सात नंबर. ओव्हर."

आम्ही फावड्याने आणि हातांनी उकरत राहिलो. एक वाजून दहा मिनिटांनी संपत सापडला. दोन्ही पिट्टू पाठीवर तसेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फॉल-इन झालं. गिनती सुरू झाली. सहाव्या जवानाने "छे" म्हटलं. मग कोणीच बोललं नाही. थोड्या वेळाने शेवटचा जवान "आठ" म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. राहूला संपतच्या स्मारकाचा चौथरा आहे. दर थंडीत त्या दिवशी फाट्यापासून चौथऱ्यापर्यंत पाच किलोमीटरची दौड असते. दौड संपली की पळणारे रांगेत उभे राहतात आणि गिनती देतात. सातवी जागा मोकळी सोडायची, सात हा आकडा कोणी उच्चारायचा नाही. सहानंतर क्षणभर शांतता, मग आठ. चौथरा झाला त्या दिवशी मी संपतच्या पत्नीला, कमलवहिनींना शब्द दिला होता, "पाय चालतायत तोवर संपतची दौड मी पळणार." 

शब्द देणं सोपं. निवृत्तीनंतर मी शिक्रापूरला एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर झालो. बारा तास खुर्ची. ट्रक आत, ट्रक बाहेर, मध्ये वडापाव. ज्या पोटावरून मी जवानांना ग्राउंडला दहा-दहा चकरा मारायला लावल्या, तसलंच पोट माझ्या शर्टाची बटणं तोडू लागलं. पाठोपाठ शुगर आली. त्या वर्षी दौडीला मी पहिल्यांदाच मोटरसायकलवर गेलो. गावाने हार घालून खुर्चीत बसवलं. खरं सांगतो, बरं वाटलं. असा मी तीन वर्षं बसलो.

तिसऱ्या वर्षी कमलवहिनींनी चहाचा कप हातात देताना माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उस्ताद, खुर्ची लय आवडली व्हय?"

एवढंच बोलून त्या पुढच्या माणसाला चहा द्यायला गेल्या. बिनसाखरेचा तो चहा तसाच खुर्चीवर ठेवून मी निघालो. घरी येताना ठरवलं, पुढच्या वर्षी पाच किलोमीटर स्वतःच्या पायांनी. नाही जमलं तर राहूला तोंड दाखवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठलो. जुने पीटी शूज घातले, शिट्टी गळ्यात अडकवली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी रिक्रूटच्या स्पीडने कॅनॉलच्या रस्त्याला लागलो. चारशे मीटरवर उजव्या पोटरीत गोळा आला. दुधाच्या टेम्पोने मला किटल्यांशेजारी बसवून घरी आणून सोडलं. आमच्या सौभाग्यवती, सुमन, दारातच उभ्या होत्या.

"लवकर आला. झाले का पाच?"

आठ दिवस पाय शेकत पडून होतो. मग अक्कल आली. पळणं पुढचं, आधी घर. पाच लिटरच्या तेलाच्या दोन कॅनमध्ये पाणी भरलं, ते झाले डंबेल. ओट्याच्या पायरीवर चढउतार. खुर्चीवरून हात न लावता उठबस. भिंतीवर डिप्स. वीस वर्षं दुसऱ्याकडून करून घेतलेलं आता स्वतः करायचं होतं, आणि तिथंच गाडी अडली. फौजेत कोणी उत्साहाने उठत नाही. शिट्टी वाजते म्हणून उठतात. इथं शिट्टी माझ्याच गळ्यात होती आणि ती वाजवायला मी मोकळा होतो, न वाजवायलाही मोकळा होतो. चौथ्या दिवशी मी कूस बदलून झोपलो.

सुमनने शिट्टी ताब्यात घेतली. पाचव्या दिवशी साडेपाचला तिने माझ्या कानाशी अशी फुंकली की शेजारचे रफिकभाई चोर आला म्हणून हवा भरायचा पंप घेऊन धावले. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वय माझ्याएवढंच. आलेच आहेत तर मी त्यांनाही रांगेत घेतलं आणि तिथं माझ्यातला उस्ताद जागा झाला. "सीना बाहर! नजर सामने!" त्यानंतर तिसऱ्या दिवशी रफिकभाईंनी हात जोडले.

"उस्ताद, मला गुडघा वाकवायचाय. भरती न्हाई व्हायचं."

ते यायचे बंद झाले. महिनाभर मी आणि सुमन दोघंच. एका सकाळी उठबशा मोजताना बारावर माझा दम संपला आणि तोंडातून आपोआप निघालं, "पंधरा, सोळा, वीस. बस."

सुमन थांबली. "तेरा कुठं गेला?"

मी म्हणालो, "रजेवर."

ती कमरेवर हात ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग तिला संपतची सगळी गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती घरी धड सांगितलीच नव्हती. कुंपणाच्या पलीकडून रफिकभाईंचा आवाज आला, "असली गिनती असंल तर मी येतो उद्यापास्नं."

तेव्हापासून आमच्या अंगणात संपतची गिनती चालू झाली. नियम एकच. आकडे किती गाळायचे ते गाळा, दिवस गाळायचा नाही. रफिकभाई पाचवरून थेट अकरावर जायचे आणि वर म्हणायचे, "मधले समदे लग्नाला गेलेत." गंमत अशी की आकडे हळूहळू परत आले. दोन महिन्यांनी तेरा रजेवरून हजर झाला. चौथ्या महिन्यात कॅनॉलवर चालता चालता रफिकभाई आणि मी कधी पळायला लागलो ते कळलं नाही. हातपंपापासून बाभळीपर्यंत पळायचं, बाभळीपासून पुलापर्यंत चालायचं. पँट ढिली झाली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. सुमन माझ्यापेक्षा जास्त डिप्स काढू लागली. हे मी आनंदाने लिहितोय, तिने वाचून खात्री करावी.

दौडीचा दिवस आला. सकाळी सातला राहूच्या फाट्यावर फॉल-इन. चाळीसेक पळणारे होते. मी हार घेतला नाही, खुर्चीवाल्याला हात जोडले. शिट्टी झाली.

पहिला किलोमीटर आरामात गेला. दुसराही. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये धुकं, शेजारी रफिकभाईंचा श्वास. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. चार किलोमीटरपर्यंत मी पळत, चालत, पुन्हा पळत आलो. त्यानंतरच्या चढावर तीच उजवी पोटरी दगडासारखी झाली. मी रस्त्याच्या कडेला बसलो. रफिकभाईंना पुढे पाठवलं, ऑर्डर म्हणूनच सांगितलं. मागून मोटरसायकलवाला आला.

"बसा आबा, सोडतो चौथऱ्यापशी."

मी त्याच्या सीटकडे बघितलं. लपवत नाही, बसावं असं वाटलं. एक किलोमीटरच तर होता. बाकी सगळं अंतर मी पायांनीच आलो होतो, कोणी नाव ठेवलं नसतं.

बाजूला शेवंतीचं शेत होतं. कमलवहिनींचं. त्या चौथऱ्यासाठी फुलं तोडत होत्या. मला बसलेला पाहून बांधावरून आल्या. आधी मोटरसायकलवाल्याला म्हणाल्या, "तू जा रं बाबा पुढं." मग माझ्याकडे वळल्या.

"उठताय न्हवं?"

"पोटरी गेली, वहिनी. अजून दीड हजार पावलं हायेत."

"पावलं मी मोजते. तुम्ही निस्ती टाका."

फुलांची पाटी त्यांनी कमरेवर घेतली आणि चालू लागल्या. मी लंगडत मागे. "एक, दोन, तीन, चार, धा, अकरा, बारा, वीस."

मी जागीच थांबलो. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी म्हंजी? ह्यांनीच. रजेवर आलं की शेतात माझ्यासंगं राबायचं. माझ्या डोक्यावर पाट्या असल्या की असंच मोजायचं. म्हणायचं, दमलेल्या माणसाला समदे आकडं सांगू नयेत." त्या हसल्या. "सोताचं मातुर बरुबर मोजायचं."

बंकर डोळ्यांपुढे आला. संपत आकडे गाळायचा त्या प्रत्येक सकाळी कोण दमलेलं असायचं ते एकदम आठवलं. कधी मारुती, कधी नवा आलेला जवान, आणि एकदा तापातून उठलेला मी. त्या दिवशीही मी त्याला शिक्षा दिली होती. मला रडू आलं. वहिनींनी पाहिलं आणि मोजणं थांबवलं नाही.

"तीस, एकतीस, पन्नास. चला उस्ताद."

शेवटचे शंभर मीटर मी पळालो. कसा पळालो ते पोटरीलाच ठाऊक. वहिनी पाटी सांभाळत शेजारून पळत होत्या. सुमन चौथऱ्याजवळ शिट्टी फुंकत होती आणि रफिकभाई टोपी उडवत होते. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. शेवटचा नंबर माझा.

मग रांग लागली. मी समोर उभा राहून ऑर्डर दिली, "गिनती कर."

"एक. दो. तीन. चार. पाँच. छे."

मोकळ्या जागेत कमलवहिनी येऊन उभ्या राहिल्या. पाटी खाली ठेवली, पदर नीट केला, मान वर केली.

"सात."

पुढच्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आठ."

गिनती शेवटच्या माणसापर्यंत गेली. एकही आकडा रजेवर नव्हता. मी चौथऱ्याकडे वळलो, सॅल्यूट केला आणि रिपोर्ट दिला.

"नाईक संपत, गिनती पूरी. सब हाजिर."