आतोबांचा कान

निजामाच्या अख्ख्या मुलखात मोटारीचं दुखणं नुसतं ऐकून सांगणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. हे मी भाचा म्हणून सांगत नाही. म्हणजे भाचा म्हणून सांगतोच, पण खरंही आहे. आतोबांची सारी उमर परभणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. तिथे एका इंजिनावर पंधरा-वीस पट्टे दिवसभर फिरायचे आणि आतोबा डोळे मिटून सांगायचे, "तिसरा ढिला हाय." लग्नकार्यातही त्यांचा कान शेजारच्या पिठाच्या गिरणीकडे. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना मुठीतल्या अक्षतांसकट उठून गेले आणि त्या गिरणीवाल्याच्या डोक्यावर टाकून आले. गिरणीचा पट्टा मात्र नीट करून आले.

पुढे मोटारी आल्या आणि आतोबांचे दिवस पालटले. झरी गावाला जाणाऱ्या मोटारीचा पट्टा एकदा किंचाळायला लागला, तर ड्रायव्हरनं त्यावर वंगण ओतलं. बैलगाडीचा आस कुरकुरला की वंगण, ही आमच्याकडची जुनी रीत. पट्टा गप झाला खरा, पण घसरायला लागला, पंखा फिरेना आणि मोटार चुलीवरच्या आधणासारखी उकळली. आतोबा असे तापले म्हणता! "आरं, पट्ट्याला तेल म्हंजी पैलवानाच्या तळपायाला साबण! पाणी शिंपडून बघावं. आवाज वाढला तर पट्टा ढिला. घटकाभर गप बसून पुन्ना वरडला तर पट्ट्याचं चाक वाकडं. यात हुशारी लय लागत न्हाई, कान लागतो."

आणि तोच कान जायला लागला. आधी उजवा, मग डावा. हे फक्त आत्याला आणि मला ठाऊक होतं. "कुणाला बोलशील तर बघ," आतोबा म्हणाले. "कान गेला म्हंजी मी कशाचा? निस्ता म्हातारा." मला फार वाईट वाटलं.

अशात तहसीलदारसाहेबांच्या मोटारीसाठी कचेरीतून बोलावणं आलं. ड्रायव्हरनं पट्टा आवळून आवळून दोन तोडले होते, तरी किंचाळणं चालूच. आतोबांना नाही म्हणवेना. मी शाळेत मास्तर; रजा काढून बरोबर गेलो. ठरलं असं की मी मागं उभं राहून त्यांच्या पाठीवर बोट दाबायचं. आवाज थांबला की बोट काढून तळहात ठेवायचा.

कचेरीसमोर ही गर्दी. साहेब स्वतः पायरीवर. आतोबांनी चालत्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं. मी तळहात ठेवला, आणि दोन श्वासांत पुन्हा बोट दाबलं. "चाक वाकडं," आतोबा ठणकावून म्हणाले. इंजिन बंद करून पट्ट्याच्या चाकांवर दोरी ताणून दाखवली, तर एक चाक ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर! त्यांनी दुसऱ्या चाकामागं वायसराची चकती बसवली, नवा पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि मोटार सुरू करायला सांगितलं.

आवाज पार गेला. "वाह, उस्ताद!" साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी गाढवानंही दोन्ही हातांनी वाजवल्या. पाठीवर ना बोट ना तळहात, म्हटल्यावर आतोबा गोंधळले. माझ्याकडे वळून, त्यांच्या मतानं अगदी हळू, त्यांनी विचारलं,

"बंद झाला का रं आवाज?"

अख्ख्या कचेरीनं ते ऐकलं. टाळ्या थांबल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात ड्रायव्हर पुढं आला, त्यानं आतोबांचा तेलकट हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. "हात रखो, चाचा. देखो."

आतोबा हात ठेवून उभे राहिले. हळूहळू हसले. साहेब पायरीवर तसेच थांबले, आणि हात काढा असं त्यांना कुणीही म्हणालं नाही.

बोलावणी पुढेही येत राहिली. फक्त इंजिन सुरू झालं की प्रत्येक ड्रायव्हर आपणहून आतोबांचा हात धरून बॉनेटवर ठेवायचा. कानाचा विषय परभणीत त्यांच्यासमोर कुणी काढला नाही, आणि आपलं गुपित कुणालाच कळलं नाही, असं समजून आतोबा सुखानं गेले.