आधी कोणी बोलायचं

त्या कमिटीची आठवण निघाली की मला आजही हॉटेलच्या गालिच्याचा वास येतो. सिगारेटचा धूर, सांडलेली कॉफी आणि त्यावर मारलेला कसलासा फुलांचा स्प्रे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तीन वर्षं मी दर दीड-दोन महिन्यांनी विमानाने जाऊन असल्या गालिच्यांवर बसत होतो, मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉम्प्युटर कंपनीचा प्रतिनिधी म्हणून. एका कंपनीच्या मशीनने दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी कसं बोलायचं, याचं स्टँडर्ड ठरवणं हे आमचं काम. टेबलाभोवती वीस-बावीस माणसं, सगळी एकमेकांच्या कंपन्यांच्या जिवावर उठलेली. प्रत्येकाला साहेबाने दिलेली सूचना मात्र एकच होती: स्टँडर्ड झालं पाहिजे, पण आपलं मशीन बदलावं लागता कामा नये.

मी याला फार मोठं काम समजत होतो. घरी पत्रं लिहायचो की इथे नियम करणाऱ्या मंडळींत मी बसतो, आणि वडील ती शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे. ते आठवलं की आता मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिसऱ्या वर्षी आमचं घोडं एकाच जागी पेंड खात होतं. दोन मशिनं जोडली गेली की आधी कोणी बोलायचं? आमच्या मशिनांत ज्याच्याकडे जोडणी मागितली, ते आधी आपली ओळख सांगायचं. समोरच्या बड्या कंपनीत उलटं, मागणाऱ्यानेच आधी तोंड उघडायचं. यात चांगलं-वाईट काही नव्हतं. गाडी डावीकडून चालवा नाहीतर उजवीकडून, सगळ्यांनी एकाच बाजूने चालवली म्हणजे झालं. पण एवढ्यावर चार बैठका काथ्याकूट झाला. आमचीच पद्धत जास्त सुरक्षित आहे, हे सिद्ध करणारा जाडजूड निबंध मी स्वतः लिहिला. ते खोटं होतं आणि लिहिताना मला ते पक्कं ठाऊक होतं.

बड्या कंपनीचा प्रतिनिधीही आपलाच, मराठी. तो पुण्याचा, मी नागपूरचा. श्रूजबरीत आमची घरं दहा मिनिटांच्या अंतरावर होती. खोलीत आम्ही एकमेकांना इंग्रजीत ओरबाडायचो आणि शनिवारी एकमेकांकडे जेवायला जायचो. यात विचित्र काही आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं.

बोस्टनजवळच्या बैठकीला एक बाई आल्या. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्या काम करत, आणि स्वतःची रजा टाकून आल्या होत्या. इतक्या वर्षांत मशिनं विकत घेणारं माणूस त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाहिलं. बाकी आम्ही सगळे विकणारे. त्यांना मत नव्हतं. लागोपाठ बैठकांना येणाऱ्यालाच मत असे, आणि लागोपाठ येणं कंपन्यांच्या पगारी माणसांनाच जमायचं. शेवटी पाच मिनिटं बोलायला मिळाली तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन एका कंपनीचं, वॉर्डातलं दुसरीचं. रक्ताचे रिपोर्ट एकावर कागदावर छापले जातात. तो कागद घेऊन मी दुसऱ्यावर बसते आणि एकेक आकडा टाइप करते. मागे एकदा पोटॅशियमचे दोन आकडे माझ्याकडून उलटे पडले. माझ्या शेजारची मुलगी प्रत्येक आकडा ताडून बघते, तिने पकडलं. नाहीतर काय झालं असतं, ते मला सांगायची गरज नाही. तुमचं हे कधी होणार?"

अध्यक्षांनी गोड हसून त्यांचे आभार मानले. माझ्या पलीकडच्या माणसाने घड्याळ पाहिलं.

त्या शनिवारी मी त्या पुणेकर मित्राच्या घरी गेलो. बाईंचं बोलणं दोघांच्याही डोक्यातून जात नव्हतं. वहिनी साबुदाण्याची खिचडी वाढत होत्या आणि आमचं पुन्हा तेच, आधी कोण. शेवटी त्या वैतागल्या.

"अहो, फोन वाजला की आधी कोण बोलतं? उचलणारा हॅलो म्हणतो ना? मग मशीनचं काय एवढं कौतुक?"

चार बैठका चाललेली भानगड वहिनींनी हातातली पळी खाली न ठेवता निकालात काढली होती.

"यार, वहिनी म्हणतात ते करेक्ट आहे," मी म्हणालो. माझ्या कंपनीची पद्धत तीच होती, त्यामुळे मला ते म्हणणं सोपं होतं.

तो बराच वेळ दही कालवत बसला. मग म्हणाला, "ओके. आमचं पुढचं व्हर्जन यायचंच आहे, त्यात चेंज करून घेतो. मी साहेबाला कन्व्हिन्स करतो. डन."

आतल्या खोलीतून त्याचा मुलगा ओरडला, "डॅड, आर यू गाइज स्टिल फायटिंग?" आम्ही तिघंही हसलो. गाडी चालवत घरी येताना मला वाटलं, झालं बाईंचं काम.

पुढची बैठक ॲरिझोनात, चँडलरला. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन आणि आत हुडहुडी भरेल इतका एसी. सकाळपासून मित्र माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमचा मुद्दा आला तसा तो उभा राहिला आणि कागदावरून वाचू लागला: दोन्ही पद्धतींचे आपापले गुण आहेत, तरी दोन्ही स्टँडर्डमध्ये असाव्यात, आणि कोणती घ्यायची ते प्रत्येक कंपनीने ठरवावं.

त्या कमिटीची ही जुनी रीत होती. हरवून कुणालाही घरी पाठवायचं नाही. भांडण मिटेना की दोन्ही गोष्टी स्टँडर्डमध्ये घालायच्या, दोन्हींपुढे ‘ऐच्छिक’ लिहायचं, टाळ्या वाजवायच्या आणि जेवायला जायचं. याला ते लोक कन्सेन्सस म्हणत आणि म्हणताना त्यांचे चेहरे देवळातून आल्यासारखे होत. मला त्या शब्दाची शिसारी बसली आहे.

मित्राचं मी समजू शकलो असतो. त्याच्या साहेबाने त्याला दाबलं होतं, हे उघड होतं. पण माझं काय? माझा साहेब शेजारीच बसला होता. तो माझ्या कानाशी लागला, "सेकंड इट. आपल्यालाही काही बदलावं लागणार नाही." आणि मी अनुमोदनाला हात वर केला. ग्रीन कार्ड येऊन वर्ष झालं होतं, नोकरी गेली तरी देश सोडावा लागला नसता, तेव्हा तेवढीसुद्धा सबब माझ्याकडे नाही. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ते वाक्य कागदावर उतरवलंही मीच. ठराव एकमताने पास झाला. टाळ्या झाल्या. रात्रीच्या जेवणात अध्यक्षांनी माझं नाव घेऊन ग्लास उंचावला आणि मी उभा राहून हसलो. आमच्या सगळ्यांच्या तोंडांवर तेच तुपकट समाधान होतं, आणि तो फोटो माझ्याकडे अजून आहे. फाडून टाकायचीही मला हिंमत होत नाही.

मित्राकडे जाणं त्यानंतर हळूहळू बंद पडलं. भांडण झालं नाही. एकमेकांसमोर बसून जेवायचं कसं, हे दोघांनाही कळत नव्हतं, एवढंच.

पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांची मशिनं ‘स्टँडर्डप्रमाणे’ असा शिक्का मिरवत बाजारात आली. थोड्या महिन्यांनी त्या बाईंच्या हॉस्पिटलमधून तक्रार आली. स्टँडर्डवर विश्वास ठेवून त्यांनी नवी मशिनं घ्यायला लावली होती. प्रयोगशाळेत आमचं, वॉर्डात बड्या कंपनीचं. जोडणी व्हायची आणि पुढे काही नाही. मला जायच्या आधीच कारण माहीत होतं. आमचं मशीन जोडणी मागायचं आणि पलीकडच्याने बोलावं म्हणून थांबायचं. पलीकडचं आमच्यासाठी थांबायचं. दोघंही अगदी नियमाला धरून थांबलेली.

आमच्या बाजूने ते दुरुस्त करणं अवघड नव्हतं. माझ्या टेबलावर तीन दिवसांत मी तो बदल करूनही पाहिला होता आणि चालला होता. साहेबाने तो पाहिला आणि म्हणाला, "एका गिऱ्हाइकासाठी हे दिलं की आपली पद्धत चुकली हे कबूल केल्यासारखं होईल. तू जा, मशीन तपास आणि सही घेऊन ये."

मी गेलो. प्रयोगशाळेत बाई एकट्याच होत्या. समोर छापील कागद, बोटं कळफलकावर. एक आकडा टाइप करायच्या, थांबायच्या, कागदावर बोट ठेवून स्वतःच पुन्हा वाचायच्या. शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी न विचारताच त्या म्हणाल्या, "तिची जागा काढून टाकली. मशिनं आता आपसात बोलणार, मग ताडून बघायला माणूस कशाला, असं वरचे म्हणाले. नवी मशिनं मागताना मीच तसं लिहून दिलं होतं."

मी मशीन तपासलं. तपासण्यासारखं काही नव्हतं, तरी अर्धा तास स्क्रू काढून लावत बसलो. त्या मध्येच उठून माझ्याजवळ आल्या.

"तुम्ही त्या खोलीत होतात," त्या म्हणाल्या. "मला ओळखलं असेल. खरं सांगा, चूक कोणाच्या मशीनची आहे?"

माझ्या बॅगेत तो बदल केलेल्या प्रोग्रॅमची टेप होती. मी ती का घेऊन गेलो होतो, हे मला आजही सांगता येत नाही. बसवायला वीस मिनिटं लागली असती.

"दोन्ही स्टँडर्डप्रमाणेच आहेत," मी म्हणालो.

मग मी सर्व्हिस रिपोर्टचा फॉर्म काढला, ‘दोष आढळला नाही’ या चौकटीत खूण केली आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला, टाइप करताना वाचत होत्या तसाच, बोट ठेवून. सही केली. मी त्यांची कार्बन प्रत फाडून त्यांच्या हातात दिली आणि थँक यू म्हणालो.