कळकाचं बेट

आमची पिठाची गिरणी किकवीत घराच्या ओसरीलाच आहे, आणि हायवे तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे एका कानात पट्ट्याची धडधड आणि दुसऱ्या कानात ट्रकचे हॉर्न. त्यात माणसांच्या हाका वेगळ्या. "वयनी, माझं दळण झालं का?" "काकू, बाजरीवर माझे गहू नका टाकू हं!" लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. गुरुवारी लाईट जाते तेव्हा गिरणी थांबते, पण डोक्यातली चालूच असते.

त्यामुळे लेकीला नोकरी लागली आणि ती म्हणाली, "आई, आता तुम्ही दोघं कुठंतरी लांब फिरून या," तेव्हा मला विचार करावा लागला नाही. म्हटलं, "जिथं मला कुणी हाक मारणार नाही, तिथं."

मग डबे भरता भरता मी मोबाईलवर समुद्र बघू लागले. पिठाच्या बोटांनी काच पांढरी व्हायची, पदराने पुसली की खाली पुन्हा निळं पाणी. गोवा पहिल्याच दिवशी बाद केला. गर्दी बघायला हायवे आहे की घरापुढे! दापोली, गुहागर चांगलं, पण वरंधा घाट उतरून कोकणात गेलं की निम्मं भोर तिथं भेटतं, आणि एकाने जरी "अहो गिरणीवाल्या वहिनी!" म्हटलं की संपलंच. लक्षद्वीपचं पाणी बघून मी हरखले, पण तिथे जायला परवाना लागतो हे वाचून नवऱ्याचा चेहरा पडला. शेवटी अंदमानातलं नील नावाचं छोटं बेट सापडलं. बोटीने जायचं, सायकलवर फिरायचं, झाडं थेट वाळूपर्यंत आलेली. जाऊन आलेल्यांपैकी एकाने रागारागाने लिहिलं होतं की इथे करण्यासारखं काहीच नाही. ते वाचलं आणि माझं ठरलं.

पण ठरवणारी मी एकटी थोडीच होते. माझा नवरा शिरवळला कंपनीत कामाला. माणूस सोन्यासारखा, फक्त कुणाला नाही म्हणणं जमत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. भोरहून नणंदेचा फोन आला, "दादा, आमी बी आलो तर?" हा म्हणाला, "या की!" ते पुण्याच्या धाकट्या जावेला कळलं. ती म्हणाली, "सगळेच जाऊ, मज्जा येईल. स्वयंपाकघर असलेलं घर बघा, म्हणजे बाहेरचं खायला नको. ताईंच्या हातच्या भाकरी असल्या की झालं!"

स्वयंपाकघर! म्हणजे मी समुद्र ओलांडून भाकरी थापायला जाणार होते. रागाच्या भरात मी त्या दिवशी बाजरी झाल्या झाल्या कुणाचे तरी तांदूळ टाकले आणि पीठ करडं निघालं. नवऱ्याला बोलले, तर म्हणाला, "आता नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं."

"मग मी येतच नाही," मी म्हटलं, आणि ओसरीत येऊन रडले. इतक्या वर्षांत एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, तीही सगळ्यांच्या ताटात वाढली गेली.

ओसरीत सासूबाई शेंगा फोडत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्या गुंजवण्याच्या, राजगडाखालच्या. बोलणं अजून तिकडचंच.

"काय झालं गं? कुठं जायचं म्हनतीयास?"

"बेटावर, आत्या."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बेटात? येडी का काय तू? सापं असत्यात तितं. आन् त्यापायी एवढ्या लांब कशाला? वड्याकाठी हाय की आपलं कळकाचं बेट."

ओढ्याकाठी आमच्या रानाच्या कडेला कळकांची, म्हणजे बांबूंची, दाट जाळी आहे, तिलाही बेटच म्हणतात. मला रडता रडता हसू फुटलं. मी मोबाईलवर फोटो दाखवला. चहूकडून पाणी, मध्ये झाडं.

"तितं जाऊन काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं. कुणी हाक मारायची नाही."

आत्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग बराबर हाय. म्या बी त्येच करायची."

"काय?"

"म्या नवी आले तवा घरात लई माणसं. ह्याला च्या, त्याला पानी, दिसभर नुसतं 'अगं ए, अगं ए'. मंग म्या काटक्या आनते म्हनायची आन् बेटात शिरायची. मदी जरा मोकळी जागा हाय, तितं बसायची. हाका आईकू यायच्या. पन म्या ओ द्यायची न्हाई."

"आणि सापांची भीती नाही वाटायची?"

"सापं कुठली आलीत! म्याच सांगितलं हुतं समद्यांना, सापं हायेत म्हनून. कुनी माज्या मागं येऊ ने म्हनून."

माझा नवरा एवढा बाप्या माणूस, अजून त्या कळकांकडे फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आपल्या बटनांच्या मोबाईलवरून भोरला आपल्या लेकीला फोन लावला. "जावा की समदी. पन बेटात सापं लई हायेत म्हनं, सूनबाईनं मोबाईलवर बगितलं." नणंद त्याच धाकात वाढलेली, ती जागच्या जागी गळाली. नणंद नाही म्हटल्यावर जावेलाही मुलांचे क्लास आठवले. नवऱ्याचाही चेहरा उतरला होता, पण त्याला मी खरं काही सांगितलं नाही. थोडी भीती त्यानेही वाटून घ्यावी.

"आणि गिरणी?" मी आत्यांना विचारलं.

"बंद ठेव. लोकं भात खात्याल, मरत न्हाईत."

नीलच्या किनाऱ्यावर पहिल्या सकाळी मी एका झाडाखाली बसले. पाणी फोटोत होतं तसंच होतं. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून शिंपले शोधत होता. इतकी शांतता होती की मला करमेना. आत्यांनी गोळ्या घेतल्या असतील का, गिरणीच्या दाराशी कुणी डबा घेऊन बसलं असेल का, असलंच काहीबाही मनात यायला लागलं. न राहवून फोन लावला.

"आत्या, गोळ्या घेतल्या का? एकट्या आहात ना, म्हणून म्हटलं..."

"तू बेटात हायेस न्हवं?"

"हो."

"मंग हाका कशाला मारतीयास?"

त्यांच्या आवाजामागे ट्रकचे हॉर्न नव्हते. वाऱ्याने कळकावर कळक घासतो तशी करकर ऐकू येत होती.

"ठेव आता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन ठेवला.

पाण्यातून नवरा हात हलवत होता. "अगं ए, हे बघ काय सापडलंय!" मला स्पष्ट ऐकू आलं. मी ओ दिली नाही.