अलगदरावांचा जड पाय

अंडी पोहोचवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा बाजार ‘अलगदराव’ म्हणायचा. खरं नाव विचाराल तर रोज अंडी घेणाऱ्या बेकरीवाल्यालाही सांगता यायचं नाही. गाडी थांबवावी तर यांनी, असं लोक म्हणायचे. जुन्या टेम्पोचे पत्रे गंजले, सीटमधला स्पंज उंदरांनी पळवला, पण यांच्या ब्रेकने मागच्या ट्रेमधलं एक अंडं तडकलं असेल तर शपथ! त्याचा त्यांना गर्व होता. असू दे की! माणसाला एखादा तरी गर्व नको का?

मग घरी नवी पिकअप आली. पांढरीशुभ्र, दार लावलं तर आवाजसुद्धा खानदानी. पहिल्याच सकाळी गल्लीच्या तोंडाशी अलगदरावांनी ब्रेकला नुसता पाय लावला आणि गाडी गच्चकन जागच्या जागी उभी! मागे जे काही कचकचलं ते ऐकून ते उतरून मागे धावलेच.

दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही तेच. सकाळचे पहिले काही ब्रेक असे, की मानेचा खुळखुळा व्हावा. उन्हं वर आली की मात्र गाडी गरीब गाय. फुटलेली अंडी टाकवत नाहीत, म्हणून घरात दोन्ही वेळा ऑम्लेट. शेजारीपाजारीही ऑम्लेट. समोरच्या काकू तर रोज भांडं घेऊन दारात हजर, आणि ‘आज कमी फुटली वाटतं?’ म्हणून वर हिरमुसायच्या. काय म्हणावं या बाईला!

बायकोने बरेच दिवस पाहिलं आणि एकदा जेवताना विषय काढलाच. “अहो, रागावू नका, पण तुमचा पाय जड झालाय. वय झालं आता. मी तर तुमच्या शेजारी बसायचं सोडलंच आहे. पुढच्या महिन्यापासून पुतण्या चालवेल गाडी, तुम्ही घरी बसून ट्रे भरा.”

अलगदरावांनी हातातला घास ताटात ठेवला. ज्याने उभा जन्म स्टिअरिंगमागे काढला त्याला ट्रे भरायला बसवायचं? आणि पुतण्या तर असा, की गाडी वळवायची म्हणजे हॉर्न वाजवायचा एवढंच त्याला ठाऊक. पण खरं दुखणं वेगळंच होतं. बायकोचं बोलणं त्यांना स्वतःलाच पटायला लागलं होतं. आंघोळीला बसले की आपल्याच उजव्या पायाकडे ते परक्याचा असावा तसं बघत राहायचे. फार वाईट वाटायचं हो त्यांना.

शेवटी गाडी घेऊन शोरूम गाठलं. टायवाल्या मॅनेजरने भर दुपारी एक चक्कर मारली आणि हसतमुखाने किल्ली परत दिली. “काका, गाडी एकदम फर्स्टक्लास. या वयात पाय थोडा जोरात पडतोच.”

अलगदराव मान खाली घालून खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात केक पोहोचवणारी एक बाई तावातावाने आत आली. तिचीही तीच पिकअप. “तुमच्या ब्रेकने माझ्या केकचा वरचा मजला तळमजल्यावर आणून ठेवला! सकाळी गच्चकन थांबते आणि तुमच्या दारात आणली की शहाण्यासारखी वागते!”

“ताई, तुम्ही नवीन शिकलात ना, होतं असं,” मॅनेजर म्हणाला.

म्हणजे बघा हं! एकाचं वय झालेलं, दुसरीचा हात कच्चा. ब्रेक दाबायला लायक माणूस जगात एकच, तो हा टायवाला!

अलगदराव ताडकन उठले. “तुमचापण फुटला? वा, वा! म्हणजे… अरेरे!” आनंद काही लपेना. केकवाली आधी चिडली, मग दोघांची गाडी सकाळीच तशी वागते हे कळल्यावर मॅनेजरकडे वळली. “तुम्ही उघडता कधी, तर दहाला. तोवर आमच्या गाड्या पळून पळून सरळ झालेल्या असतात. आज यांची गाडी तुमच्याच आवारात राहू दे. उद्या लवकर या आणि पहिला ब्रेक तुम्ही दाबा.”

सकाळी अलगदराव बायकोलाही घेऊन आले. ती अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन मॅनेजरशेजारी बसली, पट्टा लावला. “मी बघतेच,” म्हणाली. गाडी निघाली, फाटकापाशी आली, मॅनेजरने अगदी नजाकतीने पाय टेकवला आणि गच्च! ट्रे थेट समोरच्या काचेवर. बाहेर केकवालीबरोबर उभ्या अलगदरावांना काचेवरून ओघळणारा पिवळा बलक दिसला आणि त्यांनी चक्क उडी मारली. या वयात!

दार उघडून बायको उतरली. केसांत टरफलं, गालावर बलक. “अहो, तुमचा पाय नव्हता हो!” एवढंच ती म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

मॅनेजरचा टायही पिवळा झाला होता, पण माणूस दिलाचा निघाला. पोट धरून हसला, अलगदरावांची आणि केकवालीची माफी मागितली आणि तिथूनच कंपनीला फोन लावला. ब्रेकचा कुठलासा भाग रात्रीच्या गारठ्याने आखडतो, असं तिकडून कळलं. दोन्ही गाड्या दुरुस्तीला ठेवून घेतल्या आणि तोवर चालवायला दुसऱ्या बनावटीच्या गाड्या दिल्या.

परतताना बायको आपण होऊन शेजारी बसली. केसांतली टरफलं वेचत राहिली. “उगाच तुम्हाला बोलले मी,” शेवटी म्हणाली.

“अगं, मलासुद्धा खरंच वाटायला लागलं होतं,” अलगदराव म्हणाले. नजर रस्त्यावरच होती.

पहाटेपासूनची दगदग, बायकोचा तिथेच डोळा लागला होता. चौकात सिग्नल लाल झाला. अलगदरावांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली, सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली. बाईसाहेबांची झोप काही मोडली नाही.