काकाची खुर्ची

नवी शाल प्लास्टिकमधून काढली की कोरा वास येतो, आणि मला टिटवाळ्याच्या आमच्या सोसायटीतलं एक झेंडावंदन आठवतं. सीमेवर सुरुंग फुटून माझ्या काकाचा पाय गुडघ्याच्या वरून गेला होता आणि तो नुकताच सैन्यातून घरी परतला होता. राष्ट्रगीताला काठीशिवाय उभं राहायचं म्हणून महिनाभर तो गच्चीवर नव्या, कृत्रिम पायाची सवय करत होता. त्या सकाळी सेक्रेटरींनी आधीच सत्कार उरकला, त्याच्या मांडीवर शाल आणि नारळ ठेवला आणि त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं. काका उठायला लागला तर त्यांनी खांदा दाबला. "बसा हो, तुम्ही देशासाठी खूप केलंत." "मला उभं राहायचंय," काका म्हणाला. "अहो, तुम्हाला कोण बोलणार आहे? बसा." तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान उभे, त्यामुळे मीही हलले नाही. नारळ सांभाळत, कृत्रिम गुडघा सरळ करत काका उभा राहिला तेव्हा राष्ट्रगीत संपलं होतं, आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. जिन्यात तो एवढंच म्हणाला, "पाय गेला तेव्हासुद्धा मला कुणी बस म्हणालं नव्हतं गं." घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून बाहेर कुणाशी बोलायचं तर फोन मलाच करावे लागतात. यंदा झेंडावंदनाआधी सेक्रेटरींना चाचरत सांगितलं, की काकासाठी खुर्ची ठेवू नका. ते प्रेमाने म्हणाले, "अगं, काळजी नको करूस, यंदा गादीवाली आणलीय."