शिल्पा बाहेर का थांबली

इराचा फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या गिरावीन भागातल्या भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. दुपारचे तीन वाजले असतील. इरा म्हणजे शिल्पाची मुलगी. ती कधी फोन करत नाही, मेसेज करते, म्हणून मी जरा चिडूनच उचलला. "मावशी, मम इज गॉन," एवढंच ती म्हणाली. आणि मी बावळटासारखं विचारलं, "कुठे गेली?" मग कळलं. ज्या वृद्धाश्रमात शिल्पा काम करायची तिथे आजी-आजोबांना चहा देता देता ती खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. सेहेचाळीस वर्षांची होती. कोथिंबीर तिथेच टाकून मी गाडीत जाऊन बसले.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत सगळे तिच्याबद्दल बोलले, मीही बोलले. आम्ही दोघी इथल्या युनिव्हर्सिटीत एकत्र होतो, एका खोलीत तीन वर्षं राहिलो, तिने मला रिव्हर्स पार्किंग शिकवलं, माझ्या मुलाला हॉस्पिटलात माझ्या आईच्याही आधी तिने मांडीवर घेतलं, वगैरे वगैरे. लोकांनी डोळे पुसले. बाहेर पडताना एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "मैत्रीण असावी तर तुझ्यासारखी." मी मान खाली घालून "नाही हो" म्हटलं. त्यांना तो माझा विनय वाटला. विनय कसला डोंबलाचा! जे सांगायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं सांगून आले होते मी.

शिल्पाचं लग्न पुण्यात झालं, आणि अडीच वर्षांत नवरा अपघातात गेला. इरा तेव्हा अकरा महिन्यांची. दहाव्याच्या दिवशी भरल्या घरात सासूबाई म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आली आणि माझं घर बसलं." हे शिल्पाने मला एकदाच सांगितलं, इराला घेऊन सिडनीला परत आल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता. मी त्या बाईला इतक्या शिव्या घातल्या की शिल्पाच हसायला लागली. म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांचा मुलगा गेला होता." आणि मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "पण कोणाच्या घरात शिरताना ते आठवतं बघ. अजून." पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. ऑस्ट्रेलियात ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

मागच्या वर्षी माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघीच क्वीन्सलँडला, गोल्ड कोस्टच्या समुद्रावर गेलो. नवरा नाही, मुलं नाहीत, शुक्रवार ते रविवार. कल्पना माझी, हॉटेल मी निवडलेलं, खालीच कॅसिनो असलेलं. शिल्पाला कॅसिनोशी काही देणंघेणं नव्हतं. तिला समुद्रात पाय बुडवायचे होते आणि दोन दिवस कोणाचंही डायपर बदलायचं नव्हतं. तिने येताना तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा आणला होता, आणि आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन पायाच्या नखांना लालभडक नेलपॉलिश लावून घेतलं होतं. "बघ, काय थेरं चाललीत म्हातारीची," असं म्हणत विमानात मला सँडल काढून दाखवलंन. मी म्हटलं, "अगं बाई, आता शोभतेस क्वीन्सलँडची!" किती खूश झाली होती.

शनिवारी दुपारी मी रुलेटच्या टेबलावर बसले. ते चक्र फिरतं, पांढरी गोळी उड्या मारत एका आकड्यावर थांबते, बस्स एवढाच खेळ. पण माणूस तिथे बसला की त्याची अक्कल गहाण पडते. पहिल्यांदा जिंकले, मग शिल्पा दोन कॉफ्या घेऊन येऊन माझ्या मागे उभी राहिली आणि मी हरायला लागले. एकदा, दोनदा, पाच वेळा. "चल ना, समुद्रावर जाऊ, ऊन छान आहे," ती म्हणत होती. शेजारी ब्रिस्बेनच्या एक पंजाबी आंटी खेळत होत्या. त्यांनी प्रेमाने विचारलं, "आपकी फ्रेंड नहीं खेलेंगी?" आणि मी मागे वळून, हसत हसत, मोठ्याने म्हणाले, "शिल्पे, तू जा बरं इथून. खरंच पांढऱ्या पायाची आहेस तू."

तोंडातून सहज गेलं म्हणू? नाही. शब्द मला माहीत होता, कोणाचा होता तेही माहीत होतं. मी तो निवडून काढला, कारण तो लागेल आणि ती जाईल. आंटींना काय कळलं कोण जाणे, पण माझा सूर कळला असावा. "ऐसे नहीं बोलते, बेटा," त्या म्हणाल्या. मला त्यांचाच राग आला. शिल्पाने माझी कॉफी माझ्यापाशी ठेवली, "बरं बाई, खेळ तू," म्हणाली आणि गेली. पुढच्याच फेरीला मी जिंकले. टाळ्या वाजवल्या मी! आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण वाजवल्या.

संध्याकाळी ती नेहमीसारखीच होती. मला केक भरवला, गाणं म्हटलं, वेटरलासुद्धा म्हणायला लावलं. रविवारी विमानतळावर मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, काल ते मी..." ती माझ्याकडे नीट वळून बसली. "काय काल?" तिने विचारलं, आणि वाट बघत राहिली. चांगली वाट बघत राहिली हो. आणि मी काय म्हणावं? "काही नाही. पुऱ्या उरल्यात का?" तिने डबा काढून दिला. मी खाल्ल्या. सुटलो बुवा, असंच वाटलं मला तेव्हा.

परवा शनिवारी इरा माझे डबे परत द्यायला आली. शिल्पा गेल्यावर मी तिच्याकडे जेवण पाठवत होते, ते डबे. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या पत्रपेटीजवळ गाडी उभी आणि ही आतच बसून. मी बाहेर गेले, काचेवर टकटक केलं. रडत होती. मला आत बसवून घेतलं आणि म्हणाली, "धिस इज वेअर वी वेटेड. मम अँड मी."

"कधी गं?"

"तुमच्या वास्तुशांतीला. लाइक, टू अवर्स."

आमच्या या नव्या घराची वास्तुशांत गोल्ड कोस्टनंतर पाच महिन्यांनी झाली. दहाचा मुहूर्त होता आणि शिल्पा साडेबाराला उगवली, पुरणपोळ्यांचं भलंमोठं पातेलं घेऊन. सगळ्यांसमोर मी तिला टोमणाही मारला होता, "या, या, पाहुण्यांसारख्या जेवायलाच या!" ती म्हणाली, शिफ्ट होती. शिफ्टबिफ्ट काही नव्हती. साडेदहापासून ती इथे होती, आमच्या दाराकडे बघत, मांडीवर पातेलं धरून.

"आय वॉज सो हंग्री," इरा म्हणाली. "मी म्हटलं, मम, चल ना आत. शी सेड, पूजा होऊ दे आधी. मावशीचं नवीन घर आहे, कशाला उगाच." मग तिने नाक पुसलं आणि मला विचारलं, "काय रूल असतो का असा? पूजा संपेपर्यंत बाहेर थांबायचा?"

मी म्हटलं, "हो, असतो काही लोकांत."

पुन्हा तेच. आईला विमानतळावर, लेकीला गाडीत. इराने मान डोलावली, डबे माझ्या हातात दिले आणि घरात आली. मी चहा केला. आमच्या दारातून ती आत येताना मी तिच्या पायांकडे बघितलं, आणि बघितलं म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

इराला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मंडळाच्या अंकासाठी हा लेख मी एवढ्या मोकळेपणाने लिहितेय तो त्याच भरवशावर, हे इथवर आल्यावर लक्षात आलं आणि हात थांबला. सिडनीभर लोक वाचतील, शोकसभेतल्या त्या काकू वाचतील, फक्त जिला कळायला हवं तिला कळणार नाही... अशी व्यवस्था करून मी पश्चात्ताप करत होते. येत्या शनिवारी तिला बोलावलंय. त्या पत्रपेटीपाशी रोज कोणाची ना कोणाची गाडी लागते, म्हणून सकाळीच माझी नेऊन तिथे लावणार आहे. इरा आली की तिला शेजारी बसवेन आणि हे सगळं वाचून दाखवेन. त्यानंतर ती माझ्या घरात येईल की नाही, ते तिने ठरवावं.