सही कुणाची?

सगळा बाजार त्यांना शिवणवहिनी म्हणायचा. तीस वर्षं पायमशीन चालवलेल्या या बाईंचे पाय आज अपिलाच्या दालनाबाहेर बाकावर बसूनही थांबत नव्हते. शेजारी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेली नणंद, हातात खुणा केलेलं करकायद्याचं पुस्तक.

झालं होतं असं. करखात्याच्या संगणकानं दुकानाची नोंदणी रद्द केली. का, तर एवढ्याशा विजेवर रुग्णालयासाठी वर्षाला तीन हजार झगे शिवणं अशक्य, म्हणजे दुकान बनावट. नोंदणी नाही तर रुग्णालयाचं काम नाही, आणि त्या कामावरच दुकान उभं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. नणंदेनं मात्र आदेश उलटसुलट पाहिला आणि खूश होऊन विचारलं, "वहिनी, यावर सही कुठंय?"

दालनात अपील अधिकारी बाईंनीही करखात्याच्या साहेबांना तेच विचारलं. "हा निर्णय कुणी घेतला?"

"सिस्टीमनं, मॅडम."

"तुम्ही फाईल पाहिलीत?"

"रोज शेकड्यानं आदेश निघतात. पाहणार कुठून?"

"कायद्यात अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे असं लिहिलंय. इथं कुणाची पटली?"

साहेब समोरचे कागद चाळू लागले. वहिनींनी नणंदेचा हात असा दाबला की ती कळवळली.

"संगणकानं शंका खुशाल घ्यावी, निर्णय माणसानं घ्यायचा. आदेश रद्द. साहेब, दुकान स्वतः बघा आणि नव्यानं लिहा," अधिकारी बाई म्हणाल्या.

म्हणजे अर्धीच लढाई जिंकली होती. साहेबांनी पुन्हा तेच लिहिलं तर?

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात आले. एक दिवा, कापडाचे ढीग आणि काळं मशीन. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "मोटर कुठंय?"

"ही काय," म्हणत वहिनींनी पाय आपटले, आणि बघता बघता अख्खा झगा शिवून त्यांच्या हातात ठेवला. साहेबांना राहवलं नाही, ते स्वतः बसले. चाक उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. नणंद पदराआड हसली.

साहेब उठले, कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहू लागले: 'मी स्वतः पाहिले. दुकान खरे आहे. नोंदणी कायम.' सहीपाशी पेन थबकलं.

"काय झालं, साहेब?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. या खुर्चीत तीन वर्षं झाली. स्वतः घेतलेला हा पहिलाच निर्णय."

त्यांनी सही केली. वहिनींनी सुईत दोरा ओवला आणि मशीन सुरू केलं.